अकरा पंक्चर आणि टायरची निवड : सोलापुरातल्या एका रोड बाइकचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुळे सोलापूर भागात राहणारे एक शिक्षक, वय ४६, वजन ८२ किलो. इथे त्यांना नुसतं 'सर' म्हणू. जूनमध्ये त्यांनी रोड बाइक घेतली. अॅल्युमिनियमची फ्रेम, रिम ब्रेक, आतून १७ मिलिमीटर रुंद रिम, प्रेस्टा व्हॉल्व्हच्या ट्यूब आणि सायकलसोबतच आलेले ७००×२५ मापाचे (म्हणजे २५ मिलिमीटर रुंद) साधे, वायर बीडचे टायर. बीड म्हणजे टायरची रिममध्ये अडकणारी कड. जानेवारीत ३०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पूर्ण करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. या अंतराला २० तासांची मर्यादा असते. वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही, जे काही बिघडेल ते स्वतःच दुरुस्त करायचं.

सराव ठरलेला. आठवड्यात तीन दिवस पहाटे विजापूर रोडने तीस-पस्तीस किलोमीटर, रविवारी तुळजापूर किंवा अक्कलकोट. तुळजापूरची फेरी जाऊन-येऊन नव्वदच्या आसपास, अक्कलकोटची ऐंशीच्या जवळ.

हे रस्ते ज्यांनी सायकलवरून पाहिलेत त्यांना इथे टायरला काय काय टोचतं ते ठाऊक आहे. पहिला सराटा. जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची ही वेल पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला माजते. तिचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला टोकदार काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला अनवाणी चालत जाणाऱ्यांना सराट्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. दुसरी वेडी बाभूळ. बांधावरची झाडं तोडून कुंपणासाठी फांद्या ओढत नेल्या की वाटेवर दोन-तीन सेंटिमीटरचे काटे सांडतात. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे ट्रकच्या टायरमधली पोलादी तार. रेडियल टायर फुटला की त्याच्या चिंध्यांमधून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक तारांचे तुकडे रस्त्यावर विखुरतात. पुणे आणि हैदराबाद महामार्गांच्या कडेला फुटलेल्या टायरची लक्तरं नेहमीच पडलेली असतात. ऊस गाळपाच्या दिवसांत जड वाहनं वाढली की त्यांत भरच पडते.

समस्या

जुलैच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे १४ आठवड्यांत, सरांची सायकल सुमारे २,१०० किलोमीटर चालली. तेवढ्यात ११ पंक्चर झाले. मागच्या चाकात ८, पुढच्यात ३.

सरासरी काढली तर दोनशे किलोमीटरला एक. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत एक-दोन नक्की होणार, आणि तेही कदाचित रात्री. सरांना पंक्चर काढायला तेव्हा ३५ ते ४० मिनिटं लागायची. त्रासाची खरी जागा मात्र दुसरीच होती. ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात मागचं चाक तीनदा बसलं. ट्यूब बदलावी, वीस-पंचवीस किलोमीटर जावं आणि परत हवा गेलेली. त्यानंतर रविवारी लांब जायची त्यांना भीती वाटू लागली. कुणीतरी सांगितलं म्हणून ते हवाही १२० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) भरू लागले. टायर जितका कडक तितके पंक्चर कमी, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. दगडावर ट्यूब चेपली जाऊ नये म्हणून पुरेशी हवा लागते, हे खरं. पण दगडासारखा कडक टायर काट्याभोवती दबत नाही, सगळा भार काट्याच्या टोकावर येतो.

पहिला निर्णय : आतली पट्टी

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सर नेहमीच्या पंक्चरच्या दुकानात गेले. तिथले मामा म्हणाले, "सर, आत पट्टी टाका की. टायर बदलायची गरजच नाही." टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसवायची ही जाड प्लॅस्टिकची पट्टी. रोजच्या वापराच्या जाड टायरच्या सायकलींना मामा ती वर्षानुवर्षं बसवत होते आणि तिथे ती चालतही होती. सल्ला प्रामाणिक होता, स्वस्तही होता. सरांनी दोन्ही चाकांत पट्टी बसवून घेतली.

दहा दिवसांत मागच्या चाकात आणखी दोन पंक्चर झाले. टायरच्या बाहेरून कुठेच छिद्र नव्हतं. ट्यूबवर एक सरळ, घासल्यासारखी रेघ होती आणि त्या रेघेच्या टोकाशी हवा गळत होती. पट्टीच्या कडेने आणि जिथे तिची दोन टोकं एकावर एक येतात तिथल्या पायरीने ट्यूब कापली होती. रुंद टायरमध्ये, ४० पीएसआयला, ही कड ट्यूबला फारशी जाणवत नाही. २५ मिलिमीटरच्या अरुंद टायरमध्ये शंभराच्या वर दाब असला की ट्यूब त्या कडेवर दाबली जाते आणि चाक फिरेल तशी घासत राहते. पट्टीची टोकं गोल कापून पॉलिश पेपरने घासली तर हा धोका कमी होतो. तरीही इतक्या अरुंद टायरमध्ये ती टाकूच नये असं आमचं मत आहे. टायर जड होतो, निबर चालतो आणि पंक्चरचं एक नवं कारण आत जाऊन बसतं.

काय टोचतंय हे न पाहताच उपाय केला गेला, ही या टप्प्यावरची चूक. सुदैवाने सरांनी जुन्या ट्यूब टाकून दिल्या नव्हत्या.

ट्यूबची तपासणी

पिशवीत सहा ट्यूब होत्या, ठिगळं लावून पुन्हापुन्हा वापरलेल्या. प्रत्येकीत थोडी हवा भरून तिच्यावरचं प्रत्येक ठिगळ कुठे आहे ते पाहिलं: टायरच्या बाजूला की रिमच्या बाजूला, मध्यावर की कडेला, एकच भोक की दोन. एवढ्यावरूनच बहुतेक कारणं कळतात. टायरच्या बाजूला मध्यावर एक भोक असेल तर काटा, काच किंवा तार. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर दगडावर किंवा खड्ड्याच्या काठावर ट्यूब चेपली गेली. रिमच्या बाजूला भोक असेल तर टायरचा काही संबंध नाही, रिम टेप, म्हणजे आऱ्यांची भोकं झाकणारी रिमवरची फीत, सरकली आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर पंप लावताना हात वाकडा झाला किंवा रिमच्या भोकाची कड धारदार आहे.

११ पंक्चरांचा हिशेब असा लागला. चार काट्यांमुळे, त्यांतले तीन सराट्याचे आणि एक बाभळीचा. चार तारेमुळे, सगळे मागच्या चाकात. एक चेपल्यामुळे. आणि दोन रिमच्या बाजूने, एक पुढे, एक मागे.

तारेचे चार होते खरे, पण तारा चार नव्हत्या. पट्टी काढून मागचा टायर आतून उलटा केला आणि कापसाचा बोळा सगळ्या घेरावर हळूहळू फिरवला. एका ठिकाणी कापसाचे तंतू अडकले. बोटाला काही लागत नव्हतं. टायर तिथे वाकवला तेव्हा जेमतेम अर्धा मिलिमीटर बाहेर डोकावणारं टोक दिसलं. चिमट्याने ओढली तर सहा मिलिमीटर लांबीची तार निघाली. ऑगस्टमधल्या त्या आठवड्यातले तिन्ही पंक्चर याच तारेचे, हे जवळपास निश्चित आहे. तिन्ही भोकं टाचणीच्या टोकाएवढी, मध्यरेषेच्या किंचित डावीकडे. नंतरच्या ट्यूबची जागा थोडी सरकली, पट्टीने तारेचं टोक झाकलं, म्हणून ती गप्प बसली होती.

हे तेव्हाच का कळलं नाही? कारण टायर दरवेळी कसाही बसवला जात होता. टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या बरोबर वर येईल असा टायर बसवण्याची पद्धत दिसायला नीटस वाटावं म्हणून आलेली नाही. ट्यूबला भोक कुठे आहे ते सापडलं की व्हॉल्व्हपासून तेवढंच अंतर टायरवर मोजायचं, आणि गुन्हेगार कुठे बसलाय ते कळतं. सरांच्या ट्यूबवर तिन्ही भोकं तीन वेगवेगळ्या ठिकाणी होती, म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

रिमच्या बाजूच्या दोन पंक्चरांचं कारण टायर काढल्यावर लगेच दिसलं. रिमवरची पातळ रबरी टेप एका बाजूला सरकली होती आणि दोन-तीन आऱ्यांच्या भोकांची कड उघडी पडली होती. १२० पीएसआयला ट्यूब त्या भोकात फुगून उतरत होती.

आता हिशेब वेगळाच झाला. रिम टेपचे दोन, चेपल्याचा एक आणि न काढलेल्या तारेने पुन्हा केलेले दोन, असे अकरांपैकी पाच पंक्चर जगातला कोणताही टायर थांबवू शकला नसता. उरले सहा: चार काटे, दोन तारा. टायर निवडायचा तो या सहांसाठी.

पर्याय

या सहांतही काटा आणि तार यांचं वागणं वेगळं आहे आणि टायर निवडताना ते महत्त्वाचं ठरतं. काचेचा तुकडा किंवा सराट्याचा काटा रबर कापत खाली येतो आणि टायरमधल्या विणलेल्या संरक्षक थरावर अडतो. व्हेक्ट्रान या मजबूत कृत्रिम धाग्याचा किंवा दाट विणीच्या पॉलिएस्टरचा थर तिथे उपयोगी पडतो. तार मात्र धाग्याला तोडत नाही, दोन धाग्यांच्या मधून वाट काढते. तिला घाईही नसते. ७००×२५ च्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला ते साडेचारशेहून जास्त वेळा जमिनीवर फिरतं आणि दर फेरीला तार केसभर आत ढकलली जाते. म्हणून तारेचं पंक्चर बहुधा मंद गळतीचं असतं: संध्याकाळी हवा ठीक, सकाळी चाक बसलेलं. तारेला खऱ्या अर्थाने अडवते ती जाडी.

जाडीच हवी असेल तर श्वाल्बे मॅरेथॉन प्लसचं नाव सगळ्यात आधी येतं. त्याच्या तुडवणीखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली, ५ मिलिमीटर जाडीचा लवचिक रबरी थर असतो. सराटा आणि तार दोन्ही बहुतेक वेळा त्यातच संपतात. दूरच्या प्रवासाला सामान लादून निघणाऱ्यांसाठी त्याच्यासारखा टायर नाही. पण वजन रोड बाइकच्या टायरच्या दुपटीहून जास्त, आणि जाड थरामुळे तो उंचीलाही वाढतो. सरांच्या सायकलला इथेच अडचण होती. जुन्या २५ च्या टायरवर रिम ब्रेकच्या खाली ७ मिलिमीटर जागा होती. टायर जितका रुंद होतो, साधारण तितकाच उंच होतो, म्हणजे नेहमीचा २८ बसवला की ४ मिलिमीटर उरणार. त्याहून कमी जागा असली तर चिखल किंवा खडी अडकून चाक जाम होऊ शकतं. २८ मापाचा मॅरेथॉन प्लस तिथे बसवणं धोक्याचं होतं.

दुसऱ्या टोकाला काँटिनेंटल ग्रां प्री ५००० सारखे शर्यतीचे टायर. त्यातही व्हेक्ट्रानचा थर आहे आणि ते फार मोकळे चालतात, पण तुडवण पातळ. घाटरस्त्याला किंवा स्वच्छ डांबरावर ते उत्तम. अक्कलकोट रोडच्या कडेला नोव्हेंबरात वापरण्यासाठी ते बनवलेले नाहीत.

मधला पर्याय काँटिनेंटल गेटरस्किन. तुडवणीखाली दाट विणीचा पॉलिएस्टर थर आणि बाजूच्या भिंतींवर नायलॉनच्या कापडाचं आवरण. खडी उडून टायरची बाजू कापली जाते तिथे हे आवरण मोलाचं आहे. उणीवही तशीच ठळक: रबर टणक आहे, चालताना टायर लाकडी वाटतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी. ग्रां प्री फोर सीझन हा त्याच कंपनीचा. त्यात व्हेक्ट्रानचे दोन थर आणि ओल्यात बरी पकड, पण किंमत जास्त.

ट्यूबलेसचा, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरचा, विचार झालाच पाहिजे होता, आणि झाला. काट्यांसाठी तोच सर्वांत चांगला उपाय आहे. आतला सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, सराट्याचं भोक काही सेकंदांत भरतो, स्वार पुढे जात राहतो. पण सरांचे रिम ट्यूबलेससाठी बनवलेले नव्हते. साध्या रिमवर टेप गुंडाळून रोड टायरच्या दाबाला ट्यूबलेस करणं धोकादायक आहे, टायर रिमवरून सुटू शकतो. म्हणजे चाकांची नवी जोडी घ्यावी लागणार. शिवाय एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा सीलंट लवकर सुकतो. दर दोन महिन्यांनी आत बघून भर घालायची सवय नसेल तर मेमध्ये आत फक्त रबराच्या गोळ्या सापडतात. ज्यांच्याकडे ट्यूबलेस चाकं आहेत त्यांनी हा मार्ग जरूर घ्यावा. सरांसाठी ब्रेव्हेला दोन महिने उरलेले असताना तो योग्य नव्हता.

ट्यूबमध्येच सीलंट घालण्याचा पर्याय झटकन बाद झाला. जास्त दाबाला तो भोकातून उडून जातो आणि मग ओल्या ट्यूबला ठिगळ धरत नाही.

निर्णय

मागे गेटरस्किन ७००×२८, पुढे ग्रां प्री फोर सीझन ७००×२८. दोन्ही घडीचे, म्हणजे बीडमध्ये वायर नसलेले.

दोन्हीकडे एकच टायर का नाही, हा प्रश्न मित्रांनी विचारला. मागच्या चाकावर भार जास्त, झीज जास्त आणि पंक्चर आठ. तिथे टिकाऊपणाला पहिलं स्थान. पुढच्या चाकावर वळण आणि ब्रेकची भिस्त असते. मागचं चाक घसरलं तर बहुतेकदा सावरता येतं, पुढचं घसरलं की स्वार खालीच येतो. म्हणून पुढे पकड. सोलापुरात पाऊस मोजकाच असला तरी तुळजापूरच्या घाटात पहिल्या सरीनंतर धूळ, तेल आणि पाणी एकत्र होतं, तेव्हा हा फरक जाणवतो.

२५ ऐवजी २८ हा निर्णय टायरच्या नावाइतकाच महत्त्वाचा होता. सर, सायकल आणि सामान मिळून ९६ किलो. २५ च्या टायरला हे वजन पेलायला शंभरच्या आसपास हवा लागते. २८ ला मागे ८० ते ८२ आणि पुढे ७४ ते ७५ पीएसआय पुरतं. टायर थोडा मऊ राहतो, काट्यावरून घसरून जायची संधी वाढते, आणि तरीही चेपल्याचं पंक्चर होणार नाही इतकी हवा आत असते. उन्हाचाही हिशेब ठेवावा लागतो. पहाटे २५ अंशांना भरलेले ८० पीएसआय दुपारी टायर ४५ अंशांपर्यंत तापला की ८६ च्या जवळ जातात. मार्चनंतर सर पहाटे दोन-तीन पीएसआय कमीच भरू लागले.

खरेदी करताना एक गोष्ट काळजीने पाहिली. पत्र्याच्या दुकानात दोन-तीन उन्हाळे टांगून ठेवलेला टायर नवा दिसला तरी आतून जुना झालेला असतो. बाजूची भिंत बोटांनी दुमडून पाहायची. बारीक भेगा दिसल्या तर किंमत कितीही कमी असो, तो घ्यायचा नाही.

बसवणी

आधी रिमचं काम. जुनी रबरी टेप काढून कापडी, चिकट रिम टेप लावली, आऱ्यांची सगळी भोकं झाकली जातील आणि तरी बीड बसायच्या खाचेवर चढणार नाही एवढ्या रुंदीची. व्हॉल्व्हच्या भोकाची कड पॉलिश पेपरने गोल केली.

घडीचा नवा गेटरस्किन रिमवर चढवणं अवघड जातं आणि इथेच लोक लिव्हर (टायर उचकटायचा छोटा दांडा) घुसवून नवी कोरी ट्यूब फोडतात. आधी टायर तासभर उन्हात ठेवला. एक बीड पूर्ण चढवली, नाव व्हॉल्व्हच्या वर आणून. ट्यूबमध्ये तिचा गोल आकार येईल इतपतच हवा भरून, बाहेरून थोडी टाल्कम पावडर लावून ती आत बसवली. दुसरी बीड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरू करून दोन्ही हातांनी व्हॉल्व्हकडे आणली. येताना मागची बीड सतत रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत राहायची, शेवटच्या वितेसाठी लागणारी ढील त्यातूनच मिळते. शेवट व्हॉल्व्हपाशी, अंगठ्यांनी. मग व्हॉल्व्ह आत ढकलून सोडायचा, म्हणजे त्याच्या मुळाशी ट्यूब बीडखाली अडकलेली असेल तर सुटते. ३० पीएसआय भरून चाक फिरवत दोन्ही बाजूंना बीडजवळची बारीक रेघ रिमपासून सारख्या अंतरावर आहे का ते पाहायचं. ती कुठे आत गेली किंवा बाहेर आली तर हवा काढून पुन्हा. सगळं सारखं दिसलं की मगच ८०.

२८ चा टायर फुगलेला असताना ब्रेकच्या पॅडमधून जात नाही. चाक काढताना आणि घालताना ब्रेकचा सुटा खटका उघडावा लागतो. सर पहिल्यांदा तो बंद करायला विसरले आणि घराबाहेर पहिल्याच वळणावर लक्षात आलं. आता चाक घातलं की ब्रेक दाबून पाहणं हा त्यांचा नियम आहे.

रस्त्यावरच्या सवयी

टायरसोबत सरांनी तीन गोष्टी बदलल्या. महामार्गावर कडेच्या पट्ट्याच्या अगदी बाहेर न जाता पांढऱ्या रेषेलगत चालवायला सुरुवात केली. वाहनांच्या वाऱ्याने मधला रस्ता झाडला जातो आणि तारा, काच, सराटे बाहेरच्या कडेला साठतात. पाऊस पडल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी वेग आणि भरवसा दोन्ही कमी केले, कारण पाणी कचरा रस्त्यावर आणतं आणि ओलं रबर सहज कापलं जातं. आणि रोज घरी आल्यावर दोन मिनिटं: चाक हळू फिरवत, टॉर्चच्या प्रकाशात तुडवण पाहायची, रुतलेली खडी-काच बारीक स्क्रूड्रायव्हरने उकरून काढायची. आज रुतलेला तुकडा बहुधा परवा पंक्चर करतो.

सोबतची पिशवी: दोन ट्यूब, ठिगळं, ताजं सोल्युशन, पॉलिश पेपर, दोन लिव्हर, पंप, चिमटा, कापसाचा बोळा, आणि टायर फाटल्यास आतून लावायला जुन्या टायरच्या बाजूचा पाच सेंटिमीटरचा तुकडा. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की सोलापूरच्या उन्हात सुकते, म्हणून दर दोन महिन्यांनी नवी.

परिणाम

नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सुमारे २,६०० किलोमीटर झाले. तीन पंक्चर. एक ट्यूब बदलताना लिव्हरने सरांच्याच हातून झालेलं. एक बाभळीचा काटा, तुडवणीच्या कडेला, जिथे संरक्षक थर संपतो तिथून आत गेलेला. आणि एक तार, ब्रेव्हेच्या रात्री, २१० व्या किलोमीटरनंतर, मागच्या चाकात.

त्या रात्रीच्या पंक्चरला २२ मिनिटं लागली. नवी ट्यूब घालण्याआधी सरांनी ट्यूबवरचं भोक आणि व्हॉल्व्ह यांतलं अंतर टायरवर मोजलं, तिथे कापूस फिरवला आणि चार मिलिमीटरची तार काढली. ती आत राहिली असती तर दुसरी ट्यूबही गेली असती. ब्रेव्हे १७ तास ४० मिनिटांत पूर्ण झाली.

किंमतही मोजावी लागली. त्याच मार्गावर, तेवढ्याच दमात, सरांचा वेग जरासा उतरला आणि खडबडीत डांबरावर मागचं चाक जास्त कडक वाटतं, अशी त्यांची तक्रार आहे. ती खरी आहे. टणक रबर आणि जाड आवरण यांची किंमत पायांच्या ताकदीतूनच द्यावी लागते.

काय वेगळं करता आलं असतं

पट्टीवर गेलेले पैसे आणि दहा दिवस तर टाळता आले असतेच. ट्यूब वाचायला अर्धा तास लागतो, तो पहिल्या तीन पंक्चरांनंतरच द्यायला हवा होता. प्रत्येक पंक्चरची नोंद एका ओळीत पुरते: तारीख, चाक, भोक कुठल्या बाजूला, काय सापडलं.

दुसरं, सरांनी रिम टेप, हवेचा दाब, टायरची रुंदी, टायर आणि चालवण्याची पद्धत, सगळं एकाच आठवड्यात बदललं. पंक्चर कमी झाले, पण त्यांत टायरचा वाटा किती, हे या प्रकरणावरून सांगता येत नाही. आधी फक्त रिम टेप आणि दाब बदलून दोन आठवडे चालवलं असतं तर अकरांपैकी तीन पंक्चरांची कारणं जवळजवळ फुकटात गेली असती आणि बाकीचं चित्र स्पष्ट झालं असतं. ब्रेव्हे जवळ आलेली असताना त्यांनी घाई केली, ते समजण्यासारखं आहे. ज्याच्या हातात वेळ आहे त्याने मात्र एकेक बदल करावा.

ऋतूचाही फरक धरायला हवा. आधीचे सव्वातीन महिने बहुतांश पावसाळ्याचे, नंतरचे पाच सराटा वाळलेल्या, ऊसवाहतुकीच्या कोरड्या दिवसांचे. दोन आकडे समोरासमोर ठेवताना हे विसरून चालणार नाही.

पुढच्या टायरबद्दल आमच्यातही मतभेद आहेत. पुढचे तीनच पंक्चर होते आणि त्यांतला एक रिम टेपचा. तिथे साध्या टायरवर, नीट दाबाला, काम भागलं असतं आणि पैसे वाचले असते, असं एक मत. घाटाच्या उतारावर पुढच्या चाकाची हवा जाणं हे मागच्यापेक्षा कितीतरी वाईट, म्हणून खर्च योग्यच, असं दुसरं. वजन जास्त आणि उतार रोजचे असतील तर दुसरं मत धरावं.

मागच्या गेटरस्किनची तुडवण आता मध्यभागी सपाट व्हायला लागली आहे. तार अडवणारी जाडी नेमकी तिथेच कमी होते आहे. नवा टायर पावसाळ्याआधी घ्यायचा की जुन्यावर जुलै काढायचा, हे सर मे अखेरीस टायर पुन्हा आतून उलटा करून, कापूस फिरवून ठरवणार आहेत.